जुन्या तालुक्याचा समाज नकाशावर मांडताना: इंदापूर समोर ठेवून कृतिक्रम

बहुतेक जण कामाला सुरुवात करतात ती क्यूजीआयएस (नकाशे करण्याचं मोफत सॉफ्टवेअर) उघडून. आजच्या तालुक्याची हद्द उतरवून घ्यायची, गॅझेटियरमधले (इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हा-माहितीग्रंथातले) आकडे एक्सेलमध्ये भरायचे, गावाच्या नावावरून दोन्ही जोडायचे आणि रंग भरायचे. नकाशा दिसतो छान. पण 1867 चे आकडे 2011 च्या गावांवर बसलेले असतात, उजनी धरणाचा जलाशय शंभर वर्षं आधीच भरलेला असतो आणि माहिती न मिळालेली गावं 'शून्य' होऊन फिकट रंगात बसलेली असतात. असे नकाशे प्रबंधांत सापडतात, गावाच्या इतिहासाच्या पुस्तिकांतही सापडतात.

या कामाचा मोठा भाग नकाशाबाहेर, गावयादीत होतो. यादी पक्की असेल तर नकाशा एका दुपारी होतो. म्हणून खालच्या क्रमात नकाशा बराच उशिरा येतो. उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका घेतला आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36 मध्ये नव्या पद्धतीची जमीन आकारणी (जमिनीवरचा सरकारी कर, म्हणजे सारा, ठरवणं) इथूनच सुरू केली आणि तीस वर्षांची मुदत संपल्यावर 1867 मध्ये फेरआकारणीही आधी इथेच झाली. कागद भरपूर, आणि चुकायला जागाही भरपूर.

1. प्रश्न एका वाक्यात लिहा, मगच काळ आणि हद्द ठरवा

'इंदापूरचा सामाजिक इतिहास' हा प्रश्न नव्हे. 'बाजारपेठेपासून लांब असलेल्या गावांना फेरआकारणीत साऱ्याची वाढ कमी बसली का?' हा प्रश्न आहे. त्यात काय मोजायचं (सारा), कुठे मोजायचं (गाव), कधी (दोन आकारण्या) आणि कशाशी ताडायचं (बाजाराचं अंतर) हे सगळं येतं. या चारांपैकी एखादी गोष्ट प्रश्नात नसेल, तर नकाशा काढून उपयोग नाही. सरळ तक्ता करा.

हद्द ठरवताना परगणा, तालुका आणि आजचा तालुका या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरू नका. पेशवाईतल्या परगण्याची गावं आणि इंग्रजी तालुक्याची गावं तंतोतंत जुळतील असं धरून चालू नका. शेजारचा भीमथडी तालुका तर आज त्या नावाने उरलाच नाही. त्याचा मुलूख मुख्यतः दौंड आणि बारामतीत विभागला गेला. 1875 च्या मे महिन्यात जिथे सावकारांविरुद्धचा उठाव पेटला ते सुपे तेव्हा भीमथडीत होतं, आज बारामतीत आहे. इंदापूरचा अभ्यास करताना लागून असलेली भीमथडीची गावंही यादीत घ्या, नाहीतर सीमेवरची गावं तुमच्या नकाशात बाजाराविना दिसतील. त्यांचा बाजार पलीकडच्या तालुक्यात असू शकतो.

*तपासा:* प्रश्नाचं वाक्य कागदावर लिहून दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. काय मोजणार आहात हे त्याने विचारलं, तर वाक्य अजून तयार नाही.

2. कागद गोळा करा, पण आकड्यांचा स्तर बघून

मुख्य साधनं ही: मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्याचा अठरावा खंड (तीन भाग, 1885), आकारणी आणि फेरआकारणीचे छापील अहवाल, 1872 पासूनच्या जनगणना, पुण्याच्या पुराभिलेखागारातली मोडी दफ्तरं आणि सर्वेक्षण खात्याच्या एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाच्या जुन्या शीट. गॅझेटियर आणि बरेचसे छापील अहवाल स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहेत.

चूक होते ती आकड्यांच्या स्तरात. जुन्या जनगणनांचे छापील जातवार तक्ते जिल्हापातळीचे, फार तर तालुकापातळीचे असतात. जिल्ह्याचा आकडा गावांवर वाटून टिंबं मारली, तर ते टिंबांचं वाटप तुमचं असतं, इतिहासाचं नव्हे. गावपातळी हवी असेल तर फेरआकारणीच्या अहवालांची परिशिष्टं बघा. लोकसंख्या, गुरं, गाड्या, नांगर, विहिरी अशा नोंदी तिथे मिळतात. ही परिशिष्टं वाचायला कंटाळवाणी आहेत आणि सगळ्या ऐवजात कामाचा माल तिथेच आहे.

दोन गोष्टी आधीच समजून घ्या. एक, इनाम आणि दुमाला गावं (ज्यांचा सारा सरकारऐवजी इनामदाराकडे जाई) सरकारी मोजणीतून अनेकदा सुटलेली असतात. त्यांचे रकाने रिकामे येणार. दोन, सारा म्हणजे उत्पन्न नव्हे. मातीची खोली आणि रंग बघून जमिनीच्या नऊ प्रती (दर्जे) लावल्या जात, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत त्यांचं सापेक्ष मोल ठरे, आणि हवामान, बाजाराचं अंतर वगैरे बघून गावांचे गट पाडून कमाल दर बसवले जात. म्हणजे साऱ्याचा नकाशा हा अर्धा जमिनीचा आणि अर्धा अधिकाऱ्यांच्या मताचा नकाशा आहे. वर मांडलेल्या प्रश्नात तर याची थेट अडचण आहे: बाजाराचं अंतर दर ठरवतानाच विचारात घेतलेलं असेल, तर नंतर त्या दोघांत संबंध सापडल्याचं नवल वाटू देऊ नका. अहवालात गट कसे पाडले ते आधी वाचा, आणि एकाच गटातल्या गावांची आपसात तुलना करा.

*सावध:* जुन्या आणि नव्या मोजणीत गावाचं क्षेत्र वाढलेलं दिसलं तर लागवड वाढली असं लगेच लिहू नका. पहिल्या मोजणीतल्या चुका दुसरीत दुरुस्त झालेल्या असतात.

3. गावयादी: इथे वेळ घालवा

चार तक्ते करा. एकाच तक्त्यात सगळं कोंबलं की पुढे हाल होतात.

पहिला तक्ता *गावे*. प्रत्येक गावाला स्वतःचा क्रमांक द्या, उदाहरणार्थ इं001. हा क्रमांक पुढे कधीही बदलायचा नाही, गाव चुकून दोनदा आलं तरी रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. जनगणनेचा 2011 चा सहा अंकी गावक्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवा. त्यालाच मुख्य क्रमांक केलंत तर बेचिराग झालेली (उठून ओस पडलेली) गावं यादीबाहेर पडतील, कारण त्यांना आज क्रमांकच नाही.

दुसरा तक्ता *नावे*. एका गावाची जेवढी रूपं सापडतील तेवढ्या ओळी, प्रत्येक रूपापुढे साधन आणि साल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही, आणि इंग्रजी अहवालांतलं स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून. मूळ कागदावर जसं आहे तसंच उतरवा. दुरुस्त रूप वेगळ्या रकान्यात.

तिसरा *ठिकाणे*: अक्षांश, रेखांश, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि खात्रीची श्रेणी. चौथा *नोंदी*: गावक्रमांक, साल, काय मोजलं, आकडा, एकक, साधन, पान. दर सालाला नवा रकाना वाढवत नेऊ नका. दर नोंदीला एक ओळ.

आता गावं ओळखण्याचं काम. नेहमीचे खड्डे:

सारखी नावं. बुद्रुक-खुर्द तर सर्वांना माहीत असतं, पण निमगाव केतकी आणि भाटनिमगाव ही दोन्ही जुन्या कागदात नुसती 'निमगाव' म्हणून आली तर? अशा वेळी यादीतला क्रम उपयोगी पडतो. पूर्वीचा कारकून बहुधा एका बाजूने गावं घेत जाई. आधीचं आणि नंतरचं गाव नकाशावर कुठे पडतं ते बघा.

वाड्या. डाळज नंबर 1, 2, 3 किंवा गलांडवाडी नंबर 1, 2 अशी गावं आजच्या यादीत स्वतंत्र आहेत. जुन्या नोंदीत वाडी मूळ गावात धरलेली असू शकते. मग मूळ गावाची लोकसंख्या 'घटली' असं दिसतं, पण घटलेली नसते, वाटणी झालेली असते. अशा गावांना एक गट-क्रमांक द्या आणि तुलना गटाची करा.

नवी वसाहत. वालचंदनगर कळंबजवळ उभं राहिलं ते विसाव्या शतकात. 1881 च्या नकाशावर ते दिसत असेल, तर आजची यादी न तपासता उचलल्याचा तो पुरावा आहे.

बेचिराग गावं. ही गाळू नका. समाजाच्या इतिहासात गाव उठणं ही स्वतःच एक मोठी नोंद आहे.

*तपासा:* मूळ साधनात तालुक्याची एकूण गावसंख्या बहुधा दिलेली असते. तुमच्या ओळी तेवढ्याच भरतात का? भरत नसतील तर पुढे जाऊ नका.

4. सन आणि मापं एका चालीवर आणा

मोडी कागदांवर सुहूर सन, फसली किंवा शक या जुन्या कालगणनांपैकी एखादी असते. शकात 78 मिळवा (जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79), सुहूर सनात 599 किंवा 600, दक्षिणेतल्या फसलीत 590 किंवा 591. सुहूर आणि इथलं फसली ही वर्षं मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतात. म्हणून 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे 1171 हे 1770-71 असं जोडसाल लिहा. एकच इसवी सन लिहिलात तर निम्म्या नोंदी एक वर्षाने सरकतील, आणि दुष्काळाच्या अभ्यासात एक वर्षाचा फरक म्हणजे निष्कर्ष उलटा.

क्षेत्राचं तसंच. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि 120 बिघ्यांचा चाहूर हे कोष्टक खरं, पण काठीची लांबी प्रांतोप्रांती बदले. बिघ्याचा थेट एकर करू नका. एकर-गुंठे मात्र सरळ आहेत: 40 गुंठ्यांचा एकर, गुंठा 33 फूट गुणिले 33 फूट. बिघ्यातल्या आणि एकरातल्या नोंदी शेजारी ठेवायच्या असतील तर टक्केवारी काढा, जसं बागायत एकूण क्षेत्राच्या किती. मापाचा प्रश्नच मिटतो.

5. पायाचा नकाशा: आजचा नको

जुनी शीट क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन केलेला नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणारं साधन) बसवायची. इंदापूरची गंमत अशी की 18 अंश अक्षांश आणि 75 अंश रेखांश तालुक्यातच एकमेकांना छेदतात, त्यामुळे सर्वेक्षण खात्याच्या क्रमांकनातल्या 47 जे, एन, के आणि ओ अशा चारही भागांतल्या शीट लागतात. चारही शीट एकाच आवृत्तीच्या, निदान जवळच्या सालांच्या घ्या. नाहीतर नकाशाच्या एका कोपऱ्यात कालवा असेल आणि दुसऱ्यात नसेल.

क्रम असा:

अ) प्रकल्पाची निर्देशांक प्रणाली ईपीएसजी:32643 ठेवा. हा 43 उत्तर पट्टा 72 ते 78 अंश पूर्वेपर्यंत चालतो, अंतरं मीटरमध्ये मिळतात.

ब) नियंत्रणबिंदू, म्हणजे ज्यांची खरी जागा माहीत आहे असे शीटवरचे बिंदू, शोधा. शीटच्या कोपऱ्यांचे छापील अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणिती रूप) आधारलेले असतात, आजचे डब्ल्यूजीएस 84 या नव्या रूपावर. कोपऱ्याचे आकडे तसेच टंकले की अख्खा नकाशा सरकतो. सोपा मार्ग म्हणजे जुन्या शीटवर आणि आजच्या उपग्रह-चित्रात दोन्हीकडे नक्की ओळखू येणारी ठिकाणं घ्यायची: जुनी देवळं, टेकडीवरचे त्रिकोणमितीय बिंदू, किल्ले-गढ्या. निरा-नरसिंहपूरचं देऊळ चांगलं. तिथला भीमा-निरेचा संगम मात्र नको, पात्र आणि वाळू सरकते. रेल्वे आणि रस्ते मूळच्याच मार्गावर आहेत याची खात्री झाल्याशिवाय नकोत.

क) बिंदू शीटभर पसरलेले घ्या. चार कोपरे आणि मध्य हे किमान, दहा-बारा असले तर उत्तम. एकाच गावाभोवतीचे पाच बिंदू हे एका बिंदूइतकेच कामाचे.

ड) रूपांतर आधी पहिल्या घाताचं बहुपदी निवडा. प्रत्येक बिंदूची उरलेली चूक बघा. एखादाच बिंदू बाकीच्यांपेक्षा खूप चुकत असेल तर तो बिंदू तपासा, रूपांतर बदलू नका.

*सावध:* रूपांतरांच्या यादीतलं 'थिन प्लेट स्प्लाइन' निवडलं की सगळ्या चुका शून्य दिसतात. ती अचूकता नव्हे. ती पद्धत कागद ताणून प्रत्येक बिंदू जागेवर आणतेच, बिंदू चुकीचा असला तरी. फाटलेल्या, घडी पडलेल्या नकाशालाच ती वापरा, आणि काही बिंदू मुद्दाम बाजूला ठेवून त्यांवर ताळा करा.

6. गाव नकाशावर ठेवा, पण कुठल्या सालचं?

उत्तरेच्या काठाने इथे खरी परीक्षा आहे. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. आज पळसदेव हे नाव नकाशावर जिथे आहे, ती पुनर्वसनानंतरची जागा. जुन्या पळसदेवचं देऊळ पाणी ओसरलं की जलाशयात उघडं पडतं. 1867 च्या नोंदी आजच्या बिंदूवर ठेवल्यात तर नदीकाठचं गाव माळावर जाऊन बसतं. मग 'नदीपासून अंतर आणि विहिरींची संख्या' असं काहीही मोजलंत तरी उत्तर खोटं.

म्हणूनच *ठिकाणे* तक्त्यात 'पासून' आणि 'पर्यंत' हे रकाने आहेत. पळसदेवला दोन ओळी येतील. जुनी जागा शोधायला जुन्या शीट, 1950 च्या दशकातली अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाची अडीच लाख प्रमाणाची मालिका आणि धरणाआधीची लँडसॅट चित्रं (हा उपग्रह 1972 पासून आहे) उपयोगी पडतात. लँडसॅटमध्ये गाव दिसणार नाही, पण भीमेचं मूळ पात्र दिसेल. मे अखेर-जूनची अलीकडची चित्रंही बघा. पाणी खाली गेलेलं असतं.

बिंदू ठेवायचा तो पांढरीवर, म्हणजे जुन्या गावठाणावर. शिवाराच्या मध्यावर सॉफ्टवेअर जो बिंदू काढून देतं तो बहुधा काळीत (शेतजमिनीत), कुणाच्या तरी शेतात पडतो. खात्रीच्या तीन श्रेणी पुरतात: *अ* म्हणजे गावठाण जुन्या शीटवर आणि आज एकाच जागी, *ब* म्हणजे गाव ओळखलं, गावठाणाची नेमकी जागा नक्की नाही, *क* म्हणजे फक्त शेजारची गावं कळतात.

पाच-सहा ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन या. ब आणि क श्रेणीची गावं निवडा. गेल्यावर 'जुनं गावठाण कुठं होतं?' असं विचारा. 'गाव कधीपासून आहे?' असं विचारलंत तर पांडवांपासून सुरुवात होते.

7. गावांच्या हद्दी काढण्याची घाई नको

क्षेत्रघनी नकाशाला (ज्यात आकड्याप्रमाणे प्रत्येक गावाच्या हद्दीत रंग भरतात) हद्दी लागतात म्हणून लोक आजच्या हद्दी घेतात. त्याहून वाईट म्हणजे सर्व्हे नंबर आणि गट नंबर एकच समजतात. 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर जिथे एकत्रीकरण योजना राबवली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या नोंदीतला 42 आणि आजच्या उताऱ्यावरचा 42 यांचा संबंध असेलच असं नाही. तो जोडायला भूमी अभिलेख कार्यालयातले जुने गावनकाशे आणि एकत्रीकरणाची पत्रकंच लागतात.

माझं मत स्पष्ट आहे: शे-दीडशे गावांच्या तालुक्याला बिंदू पुरतात. आकड्याप्रमाणे लहान-मोठं होणारं वर्तुळ काढा. हद्दच हवी असेल तर बिंदूंवरून व्होरोनोई बहुकोन (प्रत्येक बिंदूला सर्वांत जवळची जागा वाटून देणारे आकार) काढता येतात, पण ते 'अंदाजी शिवार' म्हणून नकाशावरच लिहा, आणि त्यांचं क्षेत्र कधीही भागाकारात वापरू नका. क्षेत्र अहवालात छापलेलं असतं, ते वापरा.

8. जोडणी आणि रंग

फाइल जिओपॅकेज या नकाशा-फाइलप्रकारात ठेवा. शेपफाइल या जुन्या प्रकारात रकान्याचं नाव दहा अक्षरांत कापलं जातं आणि देवनागरी अनेकदा प्रश्नचिन्हं होऊन बाहेर येते. सीएसव्ही यूटीएफ-8 मध्ये साठवा. एक्सेलमध्ये उघडून पुन्हा साठवली की काही वेळा आकड्यांच्या तारखा होतात, म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवा.

जोडणी गावक्रमांकावर करा, नावावर कधीच नाही. जोडल्यावर रिकाम्या ओळी मोजा.

मग नकाशा. तीन नियम:

रिकामं म्हणजे शून्य नव्हे. दुमाला गावात विहिरी शून्य नव्हत्या, त्या कुणी मोजल्या नाहीत. अशा गावाला पोकळ वर्तुळ द्या आणि नकाशाच्या खुणांच्या सूचीत 'नोंद नाही' लिहा.

दोन सालांची तुलना असेल तर दोन्ही नकाशांना एकाच मर्यादा द्या. सॉफ्टवेअर प्रत्येक नकाशाला आपोआप नवे वर्ग पाडतं, आणि गडद रंगाचा अर्थ दोन नकाशांत वेगळा होतो. मर्यादा हाताने टंका.

काळाबाहेरच्या गोष्टी काढा. 1867 च्या नकाशावर उजनी नको, तसाच निरा डावा कालवाही नको. तो 1880 च्या दशकातला. पार्श्वभूमीला आजचा ऑनलाइन नकाशा लावला की या दोन्ही गोष्टी न सांगता आत येतात. तो थर बंद करा आणि नद्या जुन्या शीटवरून स्वतः रेखा.

*तपासा:* कुठलंही एक वर्तुळ निवडा आणि उलट्या दिशेने जा: वर्तुळापासून नोंदीकडे, नोंदीपासून अहवालाच्या पानापर्यंत. पाच मिनिटांत पान सापडलं पाहिजे.

9. अंतर मोजताना

सरळ रेषेचं अंतर इथे फसवतं. भीमा आणि निरा पावसाळ्यात उतरता येत नसत. पलीकडच्या काठावरचा बाजार नकाशावर दोन कोसांवर दिसला तरी श्रावणात तो बंदच. जुन्या शीटवर गाडीवाटा, नदी पायी ओलांडायचे उतार आणि नावेच्या जागा दाखवलेल्या असतात. त्या रेखून वाटेने अंतर मोजा, आणि उन्हाळ्याचं आणि पावसाळ्याचं अशी दोन वेगळी उत्तरं काढा. आठवडे बाजारांचे वारही नोंदवा. कोणत्या गावाला आठवड्यात किती बाजार गाठता येत होते, हे नुसत्या किलोमीटरपेक्षा जास्त सांगून जातं.

क श्रेणीची गावं वगळून हिशेब पुन्हा एकदा करा. उत्तर बदललं तर तुमचा निष्कर्ष त्या संशयास्पद बिंदूंवर उभा होता.

10. बाहेर देण्याआधी

वतन, इनाम आणि कर्जाच्या नोंदींत घराणी येतात, आणि त्यांचे वंशज गावात असतात. काही जागांचे दावे आजही चालू असतात. व्यक्तींची नावं सर्व्हे नंबरांसकट नकाशावर टाकू नका, गावाच्या पातळीवर बेरीज करून द्या. जातवार आकडे देताना साधनाने वापरलेली वर्गवारी कुणी आणि कशासाठी केली ते सूचीतच दोन ओळींत लिहा. जुन्या इंग्रजी तक्त्यांतली हिणकस विशेषणं नकाशावर उतरवायचं कारण नाही.

नकाशासोबत चारही तक्ते द्या. नुसतं चित्र दिलंत तर पुढच्या माणसाला तुमचं चुकलेलं एक गाव दुरुस्त करता येत नाही, त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. प्रत्येक आवृत्तीला तारीख घाला, काय बदललं ते एका ओळीत लिहा, आणि ब-क श्रेणीच्या गावांची यादी वेगळी काढून त्या त्या गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत पाठवा. दुरुस्त्या तिथूनच येतात.